आणि एक तक्रार

आमचा पेपर लोक खालून वर वाचायचे. गुरुवारी सकाळी चौकातल्या टपरीवर गठ्ठा पडला की माणूस पेपर उचलायचा, पहिल्या पानाकडं ढुंकूनही न बघता उलटा करायचा आणि शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात नाक खुपसायचा. तिथं 'आपल्या गावची माणसं' हे सदर संपायचं. संपताना ठळक अक्षरांत यायचं 'आणि एक तक्रार', त्यापुढं तक्रार आणि तक्रार करणाऱ्याचं नाव. अलीकडं तर त्या कोपऱ्याचा फोटो मोबाइलवर फिरायचा आणि बाकीचा पेपर रद्दीत जायचा. तुम्ही वाशीमचे असाल तर हा मजकूरही खालूनच वाचायला घेतला असेल. माझं एवढं ऐका, या खेपेला वरून या.

हे सदर काकाजींचं होतं. पेपरही त्यांचाच. मूळचे इंझोरीचे, पण वाशीममध्ये येऊन इतकी वर्षं झाली होती की इंझोरीत त्यांना पाहुणे समजत. पुढच्या खोलीत लग्नपत्रिका छापायच्या आणि मागच्या खोलीत पेपर, असा त्यांचा संसार होता. मी मेडशीहून एसटीनं यायचे आणि संगणकावर पानं लावायचे. काकाजींना संगणक कळत नव्हता आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. माझ्या पाठीमागं उभं राहून ते म्हणायचे, "बेटा, ते वर घे." काय वर घ्यायचं, ते मी ओळखायचं.

सदरात कोण येईल याचा नेम नसायचा. कधी बँडमास्तर, कधी बाळंतपणं करणारी नर्सबाई, कधी डॉक्टर. पण एक पद्धत ठरलेली होती. ज्याच्यावर लिहायचं त्याला सोडून बाकी सगळ्यांना काकाजी भेटायचे. शेजाऱ्याला, भाडेकरूला, भावकीला, ज्याच्याशी अबोला आहे त्याला. त्या माणसाला मात्र छापून येईपर्यंत पत्ता नसायचा. मी एकदा विचारलं, की निदान फोन करून चार गोष्टी त्यांच्याकडून घ्याव्यात, तर म्हणाले, "माणसाले त्याचंच इचारलं का तो भाषण देते. भाषण छापायले आपल्यापाशी जागा नाही."

तक्रारीबद्दलही त्यांचे कायदे होते. ती खरी पाहिजे, नावानिशी पाहिजे, आणि छापल्यावर तिच्याखाली उत्तर द्यायचं नाही. ना त्या माणसानं, ना आपण. "तारीफ कोणीही करते," ते म्हणायचे, "तक्रार कराले माणूस जवळचा लागते." सुरुवातीला मला हा चावटपणा वाटायचा. एवढं चांगलं लिहायचं आणि शेवटी चिमटा काढायचा, कशाला? पण डॉक्टरांवरचा लेख आला तेव्हा त्यांच्या कंपाउंडरनं तक्रार दिली होती, की साहेब पेशंटला साखर बंद करायला सांगतात आणि मला मागच्या दारानं जिलबी आणायला पाठवतात. त्या आठवड्यात डॉक्टरांच्या दवाखान्यात जो तो हसत शिरत होता. डॉक्टरांनी तो कोपरा कापून टेबलाच्या काचेखाली ठेवला. रहीमचाचा टेलरवर लिहिलं, तेव्हा समोरच्या दुकानातल्या टेलरनं सांगितलं होतं, "काज तो मेरे से अच्छा बनाता है, लेकिन हर गिऱ्हाइक को बताता काहे को है?" त्यानंतर दोघं चहाला एकत्र दिसायला लागले. मग मी चावटपणा म्हणणं सोडलं.

तक्रार काढायची त्यांची रीत मी दोन-तीनदा पाहिली. कोणाच्या ओट्यावर बसायचे, पाणी मागायचे, अर्धा पेला प्यायचे आणि पेला हातात धरून गप्प राहायचे. पुढचा माणूस हवापाण्याचं बोलायचा, सोयाबीनचं बोलायचा, मुलाच्या नोकरीचं बोलायचा. काकाजी फक्त "हाव" म्हणायचे. पेल्यात पाणी आहे तोवर पाहुण्याला उठवता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटी त्या गप्पपणाला कंटाळून माणूस खरं बोलून टाकायचा. मग काकाजी उरलेलं पाणी पिऊन उठायचे.

भैय्यासाहेबांवर लिहायचं ठरलं, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. भैय्यासाहेब म्हणजे आठवडी बाजाराचे ठेकेदार. रविवारच्या बाजारात कोणी कुठं बसायचं हे त्यांच्या शब्दावर होतं. पुढं निवडणूक लढवायचा त्यांचा बेत होता आणि तो लपवायचीही त्यांना गरज वाटत नव्हती. त्यांच्या माणसांनी येऊन सांगितलं, वाढदिवसाच्या आठवड्यात साहेबांचं सदर यावं. काकाजी सांगून आलेलं कधी घेत नसत, म्हणून मला वाटलं आता नाही म्हणतील. पण ते म्हणाले, "त्यायनं कामं केले आहेत, बेटा. आजाराच्या दिवसात स्वतःची गाडी लोकाईले दवाखान्यात न्यायले देली. स्मशानात शेड बांधलं. हे लिहाले पायजे." मग त्या माणसांकडं वळून म्हणाले, "पण तक्रार लागन."

ते लोक हसले. तक्रार कोण करणार, असं त्यांच्या हसण्यात होतं, आणि ते बरोबरच निघालं. लेखाचं पोट भरायला काकाजींना एक दिवस पुरला, तक्रारीसाठी मात्र वणवण सुरू झाली. चहावाल्याला नेमकी भांडी घासायची होती. भैय्यासाहेबांच्या शेजाऱ्यांना गावाला जायचं होतं. त्यांच्याविरुद्ध जाहीर सभा घेणारा एक पुढारी होता, त्याच्याकडं काकाजी मोठ्या आशेनं गेले. त्यानं दार लावून घेऊन भरभरून सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "माझं नाव नका टाकू." काकाजी परत आले ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले. "आपल्या गावात या माणसाचं जवळचं कोणीच नाही का?" ते म्हणाले. मला त्या क्षणी पहिल्यांदा भीती वाटली.

मंगळवारी ते पारबताबाईकडं गेले. पारबताबाई गावाला लागून असलेल्या मळ्यात वांगी, मेथी, कोथिंबीर काढायची आणि रविवारी बाजारात बसायची. तिच्या आधी तिची सासूही तिथंच बसायची. त्या दिवशी मीही सोबत होते. काकाजींनी पाणी मागितलं, अर्धं प्यायले आणि गप्प बसले. पारबताबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. तिला फार वेळ लागला नाही.

"कडूनिंबाखालची जागा आमच्या बायाईची होती," ती म्हणाली. "भैय्यासाहेबानं आमची सावली कपड्याच्या व्यापाऱ्याईले देली अन् आमाले उनात बसवलं. मेथी दुपारलोक माना टाकते. माणसाचं तं सोडाच."

"नाव टाकू?" काकाजींनी विचारलं.

"मंग कोणाचं टाकता?"

काकाजींनी पाणी संपवलं आणि आम्ही उठलो. रस्त्यात मी त्यांना म्हटलं, की तिची जागाच ज्याच्या हातात आहे त्याच्याविरुद्ध तिचं नाव छापायचं म्हणजे तिच्या पोटावर पाय देणं आहे. 'एक भाजीवाली बाई' असं लिहू. ते चौकापर्यंत गेले, थांबले आणि मागं वळले. पुन्हा मळ्यात जाऊन त्यांनी तिला सगळं सांगितलं: रविवारी तुला बसू देणार नाहीत, माल तसाच घरी आणावा लागेल, पुढंही त्रास होईल, नाही म्हटलं तरी चालेल.

पारबताबाईनं जुडी खाली ठेवली. "काकाजी, तुमी दुसऱ्यांदा काहून आले? एकडाव सांगतलं ना. बिननावाचं बोलायले मी का चोर आहो?"

बुधवारी दुपारी पानं छपाईला जायची. सकाळी मी ते सदर लावत असतानाच फोन सुरू झाले. तक्रार मिळाली आहे ही बातमी बाहेर पोचली होती, कोणाची हे पोचलं नव्हतं. पहिला फोन गोड होता, दुसरा कमी गोड. तिसरा आलाच नाही, कारण गाडी येऊन दारात थांबली आणि भैय्यासाहेब स्वतः आत आले. सोबत दोघंजण होते, ते दारातच उभे राहिले. त्यामुळं पुढच्या खोलीत अंधारून आलं.

भैय्यासाहेबांनी पाणी मागितलं. मी दिलं. त्यांनी अर्धा पेला पिऊन हातातच धरला आणि गप्प बसले. काकाजींची रीत सगळ्या गावाला माहीत होती, आज ती त्यांच्यावरच उलटत होती. पंखा फिरत होता, बाहेर एक रिक्षा उगाच हॉर्न वाजवत होती. माझ्या स्क्रीनवर पारबताबाईचं नाव ठळक अक्षरांत उघडं पडलं होतं आणि मी हळूच ते पान स्क्रीनवरून खाली घेतलं. भैय्यासाहेबांनी ते पाहिलं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

शेवटी तेच बोलले. "तक्रार छापा, काकाजी. मी नाही म्हणत नाही. फक्त कोणाची आहे ते सांगा."

"उद्या गुरुवार आहे," काकाजी म्हणाले. "सारं गाव वाचन, तुमीही वाचा."

"आज सांगतलं तं काय बिघडते?"

"आजवर कोणाले सांगतलं नाही. तुमाले सांगतलं तं बाकीच्याईनं काय पाप केलं?"

भैय्यासाहेबांनी पेला टेबलावर ठेवला. पाणी तसंच होतं. ते गेल्यावर काकाजींनी स्वतःसाठी पाणी मागितलं आणि मी पहिल्यांदाच त्यांना एका दमात अख्खा पेला पिताना पाहिलं. थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. मी पुन्हा म्हटलं, "काकाजी, नाव काढू का?" ते म्हणाले, "तिनं देलं आहे, आपण काढणारे कोण?" आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "बेटा, मले भेव वाटून राह्यला." इतकं सरळ त्यांनी कधी काही कबूल केलं नव्हतं. मला रडू आलं, पण पानं जायची होती म्हणून मी ते आवरलं.

गुरुवारी मेडशीचा गठ्ठा एसटीनं गेला, कामरगावचा जीपनं. संध्याकाळपर्यंत तो कोपरा जिल्हाभर मोबाइलवर फिरला. भैय्यासाहेबांकडून एक शब्द आला नाही. शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. काही घडत असतं तर निदान कळलं तरी असतं.

रविवारी काकाजी प्रेसमधलं लाकडी स्टूल घेऊन बाजारात गेले. मीही गेले, कारण घरी बसवेना. पारबताबाई नेहमीच्या जागी, उन्हात, गोणपाटाची फारी पसरून बसली होती. तिच्या बाजूला काकाजींनी स्टूल टाकलं, छत्री उघडली आणि वांग्यांच्या ढिगाशेजारी बसून पुढच्या अंकाची प्रुफं तपासायला लागले. पारबताबाई म्हणाली, "इथं कायले बसता? गिऱ्हाइक पळते ना माह्यं." काकाजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. समोर कडूनिंबाखाली भैय्यासाहेबांची तीच दोन माणसं उभी होती. ती आमच्याकडं बघत होती आणि आजूबाजूच्या बाया कुणाकडंच बघत नव्हत्या. भाव सांगायचा आवाजही त्या ओळीत खाली आला होता.

भर दुपारी भैय्यासाहेब आले. पायी, एकटे. ओळीतून चालत येऊन पारबताबाईसमोर उभे राहिले. मी प्रुफाचा कागद घट्ट धरला होता, तो फाटला हे मला नंतर कळलं.

"वांगे कसे देले?" त्यांनी विचारलं.

पारबताबाईनं भाव सांगितला. कमी केला नाही, वाढवलाही नाही. त्यांनी किलोभर घेतली आणि वर कोथिंबिरीसाठी पिशवी पुढं केली. "कोथिंबीर इकत आहे," ती म्हणाली. कुठंतरी एक बाई हसली आणि लगेच गप्प झाली. भैय्यासाहेबांनी कोथिंबीरही विकत घेतली. मग त्यांची नजर स्टुलाकडं गेली.

"काकाजी, उनात काहून बसले?"

"सावली नाही म्हून," काकाजी म्हणाले.

भैय्यासाहेब थोडा वेळ उभे राहिले. मला वाटलं काही बोलतील. त्यांचे ओठ हललेही. मग ते वळले आणि गर्दीत गेले. त्या दिवशी पारबताबाईचा जवळजवळ सगळा माल विकला गेला आणि तिनं उरलेली एक मेथीची जुडी काकाजींच्या छत्रीत टाकली.

त्या उन्हाळ्यात आणि पुढंही काकाजी दर रविवारी तिथं बसले. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकींनी, डोक्याला हात लावला. डॉक्टरांनी, तेच जिलबीवाले, उन्हात बसू नका म्हणून दटावलं. पारबताबाईनं तर "तुमी नाही आले तरी मी बसतो" असं तोंडावर सांगितलं. काकाजी ऐकेनात. "एक रविवार चुकला अन् त्याच रविवारी काही झालं तं?" एवढंच म्हणायचे. भैय्यासाहेब पुन्हा त्या ओळीत फिरकले नाहीत. रस्त्यात समोरून आले तर दोघं दोन बाजूंना बघायचे. पुढं दिवाळीनंतर एका रविवारी बायांच्या बाजूला हिरवी जाळी बांधलेली दिसली, अख्ख्या ओळीवर सावली. भैय्यासाहेब साध्या पाणपोईवरही स्वतःचा फोटो लावायचे. त्या जाळीवर मात्र कोणाचंच नाव नव्हतं. काकाजींनी जाळीकडं वर बघितलं, छत्री मिटली, आणि तरीही स्टूल घेऊन येतच राहिले.

या हिवाळ्यात काकाजी गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं सगळे म्हणतात. तेवढ्यानं माझं समाधान होत नाही. अजूनही पान लावताना पाठीमागून कोणी 'ते वर घे' म्हणेल म्हणून हात थांबतो. त्यांची मुलगी लांब राहते, पेपर चालवणारं कोणी नाही, म्हणून एक शेवटचा अंक काढायचा आणि थांबायचं असं ठरलं. त्या अंकातलं सदर काकाजींवर, आणि ते मी लिहायचं. आतापर्यंत तुम्ही वाचलंत ते हेच.

तक्रारीसाठी मी वणवण केली, काकाजींनी केली तशीच. मेलेल्या माणसाबद्दल कोणी तक्रार द्यायला तयार होईना. डॉक्टर गहिवरले. रहीमचाचांना बोलवेना. काकी म्हणाल्या, "आता काय तक्रार करू, बाई, ऐकाले कोण आहे?" पारबताबाई म्हणाली, "गिऱ्हाइक पळवत होते, पण ते काही तक्रार नोय." मग मला कळलं की मी चुकीच्या दारात उभी आहे. तक्रारीला जवळचा माणूस लागतो म्हणत ते. एका माणसावर त्यांनी रविवारमागून रविवार डोळा ठेवला होता. इतकं जवळ त्यांच्या आयुष्यात दुसरं कोण होतं?

भैय्यासाहेबांच्या ऑफिसात जाऊन मी पाणी मागितलं. अर्धं प्यायले आणि पेला हातात धरून बसले. त्यांनी पेल्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. हसतील वाटलं, पण हसले नाहीत. मग त्यांनी खिडकीकडं तोंड करून एकदाच सांगितलं. मी विचारलं, "नावानिशी छापू?" म्हणाले, "बिननावाची त्यायनं घेतली असती का?" मी पाणी संपवून उठले.

एसटीत मेडशीपर्यंत मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते. मग त्या दिवशी कडूनिंबाखाली माणसं कशाला उभी केली होती? मग पेपर निघायच्या आदल्या दिवशी तक्रार कोणाची ते काढून घ्यायला का आला होतात? आणि घाट उतरता उतरता ती जाळी आठवली, तिच्यावर नसलेला फोटो आठवला, बाजारात हललेले ओठ आठवले. तक्रार खरी आहे की आता सुचलेली आहे, हे मला ठरवता आलेलं नाही. काकाजी असते तर त्यांनाही ठरवता आलं नसतं, आणि त्यांना ते फार लागलं असतं एवढं मला नक्की माहीत आहे. मला उत्तरं पुष्कळ देता येतील. पण खाली उत्तर द्यायचं नाही हा कायदा त्यांचाच आहे, आणि तो मी त्यांच्याच वेळी मोडणार नाही.

आणि एक तक्रार: "तक्रार छापली तरी त्या बाईच्या जागेले मी हात लावणार नोतो. काकाजी उनात स्टूल टाकून बसले, साऱ्या गावाले इचारत फिरले का हा माणूस कसा आहे म्हून. मले एकडाव नाही इचारलं." — भैय्यासाहेब, बाजार ठेकेदार